विषय: काळ्या पक्ष्यांचे आगमन

गजभियेकाका पक्ष्यांबद्दल सरकारी पत्राच्या भाषेत बोलत. सगळी नोकरी नागपुरात पाटबंधारे खात्यात झालेली. निवृत्तीनंतर मुलाकडे अमेरिकेत, ट्रॉय शहरात आमच्या शेजारी राहायला आले, पण खातं काही अंगातून गेलं नाही. मार्च उजाडला की रोज सकाळी सातला आमच्या आन्सरिंग मशीनवर काकांचा आवाज यायचा. "विषय, लाल खांद्याच्या काळ्या पक्ष्यांचे आगमन. सविनय कळवतो की तळ्यावर अद्याप कोणी नाही. कळावे."

अपार्टमेंटमागच्या तळ्याकाठी हे पक्षी दक्षिणेकडून परतले की मिशिगनचा हिवाळा संपला, असं काकांचं ठाम मत. टीव्हीवरच्या हवामानवाल्यांना ते मोजत नसत. गुडघे कुरकुरत असल्यामुळे बर्फावरून एकट्यानं जायला सुनेची बंदी. म्हणून पहिला पक्षी खिडकीतून दिसला की मी त्यांना हात धरून तळ्यावर न्यायचं ठरलं होतं. संयुक्त पाहणी झाल्याशिवाय नोंद पक्की होत नाही म्हणे.

मी हो म्हणालो होतो. पण सकाळी सातला त्यांच्याशी कोण बोलत बसणार? आम्ही नवरा-बायको फोन न उचलता मशीनवरचा आवाज ऐकायचो आणि पोट धरून हसायचो. मी त्यांच्या "कळावे"ची नक्कलही करायचो.

दोन हजार सहाच्या मार्चमध्ये एका मंगळवारी आवाज जरा कापरा आला. "विषय, आगमन. एक नर आलेला आहे. आपण घरी असल्यास कृपया यावे." मी बूट घातले आणि सरळ ऑफिसला गेलो. मीटिंग होती. तीही कॅन्सल झाली, हे सांगायला आज जास्तच लाज वाटते.

संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन थाप मारली, की लवकर निघालो होतो, मेसेज आत्ताच ऐकला. काकांनी चहा टाकला. पलीकडे आमच्या घरात बायकोनं टीव्ही लावला आणि त्या पातळ भिंतीतून बातम्यांचा शब्दन्‌शब्द ऐकू येऊ लागला.

"काका, सकाळचं सगळं ऐकू येतं तुम्हाला?"

"आधी माझाच आवाज येतो. मग तुम्ही हसता," ते म्हणाले. "नक्कल चांगली करतोस."

जमीन दुभंगावी असं वाटलं. मग फोन का करत राहिलात, एवढंच कसंबसं विचारलं.

"मुलगा-सून साडेसहाला निघतात. दिवसभर घरात आवाज नाही. तुम्ही हसलात की बरं वाटतं, आसपास माणसं आहेत." त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. "उद्या फोन केला तर चालेल ना?"