कुणीच न घातलेलं पाणी

फाटकाजवळचा देवदार तपकिरी पडू लागला, तशी घरातली माणसं एकमेकांकडे संशयानं बघू लागली. देवदार वडिलांनी लावलेला. ते जाऊन दोनच महिने झाले होते, आणि आता त्यांच्यामागं झाडही गेलं तर आईचं काय होईल, ही मुलीला धास्ती होती.

आईची खात्री होती, की ऑफिसच्या धांदलीत मुलगी पाणी घालायला विसरते. म्हणून सकाळीच ती गुपचूप बादली ओतून यायची. मुलीला वाटे, आईचं हल्ली कशातच लक्ष नाही. संध्याकाळी घरात शिरण्याआधी ती पाइप सोडायची. शेजारी राहणाऱ्या काकांचा, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाचा, दोघींवरही भरवसा नव्हता. दुपारी वहिनी लवंडल्या, की ते फाटकातून शिरून कळशी रिकामी करायचे. झाड जितकं सुकल्यासारखं दिसे, तितका प्रत्येकाचा हात सैल होई.

शेवटी मुलीनं नर्सरीवाल्या बाईंना घरी आणलं. बाईंनी एक डहाळी खुडली, चुरगळून हुंगली. देवदाराची पानं सुईसारखी असतात, ही तर चपटी, पंख्यासारखी. ही मोरपंखी, असं त्यांनी सांगून टाकलं.

"हे याला देवदार म्हणायचे," आई म्हणाली. "देवदारच आहे तो."

काकांनी लगेच दुजोरा दिला. दादाचं कधी चुकायचं नाही म्हणे. दादा हयात असताना त्याचं एक तरी वाक्य काकांनी फाटे न फोडता सोडलं असेल तर शपथ.

बाईंनी बुंध्याशी काठी खुपसली. ती चिखलानं माखून वर आली.

"नाव काहीही ठेवा. मुळं कुजतायत याची. पाणी कोण घालतं?"

तिघांनीही आपण नाही म्हणून सांगितलं. बाईंनी तिघांच्या चपलांकडे पाहिलं. तिन्ही जोडांवर एकाच रंगाचा चिखल वाळला होता. महिनाभर थेंबसुद्धा घालायचा नाही, अशी तंबी देऊन त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी मुलगी ऑफिसातून आली, तर आई झाडापाशी उभी.

"पाणी नाही ना घातलंस?"

"नाही."

"मग इथं काय करतेस?"

"तेच बघतेय," आई म्हणाली. "यांचं एवढंच काम उरलं होतं गं माझ्याकडे."

तेवढ्यात मधल्या भिंतीवरून एक खुर्ची अलीकडे आली. मग दुसरी. तिसरी घेऊन काका स्वतःच फाटकातून आले. तिघं झाडासमोर बसली.

थोड्या वेळानं काका म्हणाले, "वहिनी, जरा सरकून बसा. ऊन अडतंय त्याचं."