डोंगरावर राहावं का?

एप्रिलचा महिना होता. लातूरच्या उन्हात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये बिराजदार सर लोकरीची माकडटोपी घालून बसले होते. घाम कपाळावरून ओघळून चष्म्यात उतरत होता. शिपायानं पंखा वाढवायला हात पुढं केला तर म्हणाले, "राहू दे. मी बघून राहिलोय."

"काय बघून राहिलात, सर?" मी विचारलं.

"कानाला खाजतं का, ते. डोंगरावर राहायचं म्हणलं की वर्षातलं निम्म्याहून जास्त दिवस हे डोक्यावर पाहिजे. आधी सवय होती का बघावं, मग ठरवावं."

तासाची घंटा होईपर्यंत त्यांनी टोपी काढली नाही. मग काढली, रुमालानं डोकं पुसलं आणि म्हणाले, "खाजतं. पण आता दुसऱ्या बाजूनं बघा, सय्यद सर. घामोळ्यांनी इथं बी खाजतंच की."

बिराजदार सर आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि मी इतिहास. राहायलाही आम्ही शेजारी. मधे कंबरेएवढी भिंत, ईदचा शीरखुर्मा आणि संक्रांतीच्या पोळ्या त्या भिंतीवरूनच ये-जा करायच्या. त्यामुळे शाळेत आणि घरी, दोन्हीकडे त्यांचा तो प्रश्न माझ्या वाट्याला यायचा. डोंगरावर राहावं का?

हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नाही असा माणूस आमच्या भागात सापडणं कठीण. उदगीरला एका लग्नात पंगतीला बसले असताना शेजारचा पाहुणा पाचगणीकडचा निघाला. सरांनी त्याला तिकडं कपडे वाळायला किती वेळ लागतो, भिंतींना ओल येते का, पापड लाटून ठेवले तर टिकतात का, असं एकेक विचारायला सुरुवात केली. पाहुण्याच्या पानातली जिलेबी संपेना. शेवटी तो हात न धुताच उठला.

चाकूरचा आमचा एक जुना विद्यार्थी फौजेत होता. सुटीवर आला की सरांच्या पाया पडायला यायचा. कुणीही त्याला सीमेवरच्या गोष्टी विचारल्या असत्या. सरांनी विचारलं, "तिकडं वर डाळ शिजती का रे?"

तो गोंधळला. सर समजावून सांगायला लागले. "उंचावर पाणी लवकर उकळतं, पण तेवढं तापत न्हाई. डाळ कच्चीच राहती. वरणाशिवाय आपला माणूस किती दिवस काढंल?"

"कुकर असतो, सर," पोरगा म्हणाला.

 एवढी मोठी अडचण इतक्या सहज निकालात निघेल याची सरांना कल्पना नव्हती. पुढं बरेच दिवस ते भेटेल त्याला सांगत होते, "डाळीचं मिटलं बरं का. पण आता दुसऱ्या बाजूनं बघा, म्हातारपणी गुडघे."

'डोंगराळ प्रदेशात राहण्याचे फायदे व तोटे लिहा' हा प्रश्न त्यांच्या प्रत्येक पेपरात असायचाच. पाचवीला तोच, दहावीलाही तोच. पोरं उत्तर पाठ करून यायची. एकानं फायद्यांमध्ये लिहिलं होतं, 'बिराजदार सर तिकडे जातील.' सरांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले आणि तो पेपर स्टाफरूममध्ये स्वतःच वाचून दाखवला. आम्ही पोट धरून हसलो. ते मात्र हसले नाहीत. "मुद्दा हाय त्याचा," म्हणाले.

तोवर आमच्या गावाचं रूपच बदललं होतं. जिथं आडतीची दुकानं होती तिथं शिकवण्या उभ्या राहिल्या. चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो झळकायला लागले. नांदेड, परभणी, कुठून कुठून आईबाप पोरं घेऊन यायचे आणि ज्याच्या घरात एक खोली जास्तीची होती त्याच्याकडं खाटा टाकून ठेवायचे. एका पालकानं माझ्यासमोर सरांना विचारलं, "भूगोलाचे मार्क मेडिकलला धरतात का?"

"न्हाई धरत," सर म्हणाले.

"मग हा तास कशासाठी असतो?"

सरांनी थोडा विचार केला. "एका बाजूनं तुमचं बरोबर हाय," म्हणाले.

हळूहळू त्यांचे तास गणिताला, विज्ञानाला गेले. जो उरला तो दुपारी, जेवणानंतरचा. पहाटेपासून शिकवण्या करून आलेली पोरं बाकावर डोकी टेकायची आणि झोपायची. मुख्याध्यापक एकदा फेरीवर आले तर सगळा वर्ग झोपलेला, आणि सर खालच्या आवाजात हिमालयाबद्दल बोलतायत. मुख्याध्यापक चिडले.

"झोपू द्या की," सर म्हणाले. "हिमालय कुठं चालला न्हाई. ह्यांना घरचं कुणी झोप म्हणणारं न्हाई इथं."

आता हे सांगायला हवं की सर आधीपासून असे नव्हते. आधी ते चारचौघांसारखे होते. भाजी घेतली की पिशवीत टाकायचे आणि निघायचे. सुमनवहिनी, म्हणजे त्यांची बायको, उलट बोलक्या. भिंतीपलीकडून रेहानाशी, माझ्या बायकोशी, त्यांच्या दिवसभर गप्पा चालायच्या. त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली. भूकंप झाला तेव्हा ती बारावीला होती.

त्या वर्षी गौरी-गणपतीला वहिनी माहेरी गेल्या होत्या, औशाच्या पलीकडच्या एका खेड्यात. वैशूची शिकवणी बुडेल म्हणून सर आणि ती इथंच थांबले. गणपती उठले आणि दुसऱ्या पहाटे जमीन हलली. लातुरात आमच्या मांडणीवरची भांडी पडली, आम्ही पोराबाळांना घेऊन रस्त्यावर आलो. सर भिंतीवरून ओरडले, "सय्यद, पोरीला तुमच्याकडं ठेवा." आणि तसेच, बनियनवर, स्टँडकडं पळत सुटले.

तिकडं त्यांनी काय बघितलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. दगडमातीची जाड भिंत होती, माळवदाचं, मातीच्या धाब्याचं घर होतं आणि वहिनी आतच होत्या, एवढंच मला ठाऊक. पाऊस लागून राहिला होता. ते परत आले तेव्हा त्यांच्या अंगावर दुसऱ्याच कुणाचा तरी सदरा होता. वैशू आमच्या चुलीशी रेहानाजवळ बसली होती. ते तिच्याकडं नुसते बघत उभे राहिले. 

त्यानंतर वैशू शिकली. नांदेडला डॉक्टर झाली. आणि नोकरी धरली ती थेट हिमाचलातल्या एका डोंगरी गावातल्या दवाखान्यात. गावाचं नाव सर दर वेळी वेगळंच उच्चारायचे. लग्नाचं ती नाव काढू द्यायची नाही. टोपी घालून बसणं, डाळीची चौकशी, हे सगळं वाढलं ते ती तिकडं गेल्यावर. आम्हाला वाटायचं, पोरीकडं जायचंय आणि धीर होत नाही, एवढंच. त्यामुळं हसायला संकोच वाटायचा नाही.

सर निवृत्त झाले त्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी भिंतीशी येऊन उभे राहिले.

"वैशूचा फोन होता. या म्हणती. कायमचं."

"मग जा की, सर," मी म्हणालो. "इतकी वर्षं जगाला विचारलंत. आता तिथं घर आहे, पोरगी आहे."

ते भिंतीवरचं शेवाळ नखानं खरवडत राहिले.

"सय्यद सर, तिनं एकदाच मागितलं होतं."

"वैशूनं?"

"सुमननं. लग्न झाल्यावर महाबळेश्वरला गेलो होतो आम्ही. सकाळी धुकं होतं. लई खूष होती. म्हणली, इथंच राहू या का आपण? शाळा काय, इथं बी असतील. मी म्हणलो, विचार करून सांगतो." ते थांबले. "मग विचारच करीत बसलो. थंडी लई, पाऊस लई, बदली होईल का न्हाई, आईबाप एकटे पडतील. तिनं परत काही विचारलं न्हाई. तिचा स्वभावच तसा न्हवता."

मी भिंतीवर कोपरं टेकली.

"आणि त्या वर्षी गौरी गेल्या की ती येणार होती. तिचा भाऊ इथं आला, म्हणला, गणपती उठेपर्यंत ताईला ठेवून घेऊ का? तेव्हा बघा, मी काहीच विचार केला न्हाई. ठेवा की, म्हणलो. लगेच."

आमच्या घरातून रेहानानं चहाला हाक मारली. दोघंही हललो नाही.

"आता मी एकटाच वर जाऊन थंड हवा खात बसू का? तिला काय वाटंल?"

इतकी वर्षं ज्याला आम्ही सरांचा छंद म्हणत होतो, तो मला त्या संध्याकाळी कळला. नवरा-बायकोत एका सकाळी सुरू झालेलं बोलणं होतं ते. सर दोघांच्याही वाटचं एकटेच बोलत आले होते.

हे मी वैशूला फोनवर सांगितलं. सांगावं की नाही, मला कळत नव्हतं. रेहाना म्हणाली, सांगा. दिवाळीला वैशू आली. अंगणात सरांच्या खुर्चीशेजारी चटई टाकून बसली, मलाही बोलावून घेतलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर अगदी सहज म्हणाली, "बाबा, आईला डोंगराचं काही नव्हतं हं. मला सांगून हसायची ती. म्हणायची, तुझ्या बाबांना मी एकदा गंमत म्हणून विचारलं, तर बिचारे अजून विचार करून राहिलेत. थंडीनं तिचे पाय किती दुखायचे. तिला लातूर सोडायचंच नव्हतं."

"असं म्हणायची का?" सर म्हणाले.

"कितीदा तरी."

"आणि गणपतीचं?"

"मामाला तिनंच पाठवलं होतं तुमच्याकडं. तुम्ही नाही म्हणाला असता तरी राहिली असती. मला आधीच सांगून ठेवलं होतं तिनं."

सरांनी मान हलवली. वैशू चहा करायला आत गेली. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज यायला लागला तसे सर माझ्याकडं वाकले.

"खोटं बोलून राहिली."

"कशावरून?"

"सुमनचे पाय कधी दुखले न्हाईत. चढावर ती माझ्या पुढं चालायची. मीच धापा टाकायचो." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. पुसत राहिले. "किती सरळ तोंडानं बोलली, बघितलंत का? तिकडं बसून सगळं जुळवलं असंल. एकेक वाक्य." मग म्हणाले, "जिला बापासाठी एवढं जुळवावं लागतं, त्या पोरीला तिकडं एकटं ठेवू नये, सय्यद सर."

वैशू चहा घेऊन आली. सरांनी तिच्या हातातली बशी घेतली आणि विचारलं, "कधी निघायचं मग?"

ती खाली बसली आणि चहा निवेपर्यंत अंगणातल्या फरशीकडं बघत राहिली.

निघायच्या आधी सर मला म्हणाले, "एका ठिकाणी येता का माझ्यासंगं? वैशूला नको न्यायला." मी विचारलं नाही कुठं. औशाची बस पकडली, पुढं दुसरी. वाटेत सोयाबीन काढून रिकामी झालेली रानं लागत होती. सर खिडकीशी बसले होते. त्या पावसातल्या दिवसांनंतर ते इकडं कधी आलेच नव्हते.

वहिनींच्या माहेरचं नवं गाव रस्त्याच्या अलीकडं वसलंय, रांगेत एकसारखी घरं. जुन्या गावाच्या जागी बाभळी माजल्यात आणि त्यांच्या बुडाशी दगडांचे ढीग आहेत. कुणाचं घर कुठं होतं, काही कळत नाही. एक मारुतीचा ओटा तेवढा शिल्लक होता. सरांनी ओट्यापासून अंदाज घेतला, चार पावलं इकडं, चार तिकडं, परत ओट्याशी आले. पुन्हा गेले. शेवटी एका ढिगाशी थांबले. तोच होता की नाही, देव जाणे. बाजूला एक शेळी पाला ओरबाडत होती.

मी लांब ओट्यावर बसलो. सर खाली बसले होते. त्यांचा आवाज येत होता, पण शब्द सगळे येत नव्हते. मधेच वैशूचं नाव ऐकू आलं. मग वारा पडला आणि एक वाक्य स्वच्छ आलं.

"तुझं ऐकायला लई उशीर केला."

 उठताना त्यांना हात द्यावा म्हणून मी गेलो, तर त्यांनी माझा हात धरला आणि रस्त्यापर्यंत सोडलाच नाही. फाट्यावर बस लगेच मिळाली. औसा यायच्या आतच त्यांची मान माझ्या खांद्यावर कलली. बिराजदार सरांना मी त्याआधी कधी झोपलेलं बघितलं नव्हतं. तोंड थोडं उघडं होतं, गालावर पांढरे खुंट वाढले होते आणि डोळ्याच्या कडा अजून ओल्या होत्या.

लातूरचा स्टँड आला. माणसं पिशव्या सावरत उतरून गेली, ड्रायव्हरही उतरला. कंडक्टर मागं येऊन उभा राहिला आणि त्यानं मला खुणेनं विचारलं. मी हातानंच त्याला म्हटलं, थांबा जरा.