व्यत्ययाबद्दल क्षमस्व

रंगनाथअण्णा चहाला उठले, तरी आधी जाहीर करतात. तेही लेखी, साऱ्या जगाला: 'काही कारणामुळे प्रसारणात व्यत्यय येत आहे, क्षमस्व.' परत आले की 'व्यत्यय दूर झाला आहे.' मिशीला लागलेला चहा त्यानंतर पुसतात.

अण्णा आमच्या सरकारी रेडिओ केंद्राचे जुने निवेदक. रोज वडवणीहून पहिल्या गाडीनं बीडला येतात. मी त्यांचा साहेब, म्हणजे कागदोपत्री. एकदा मला अडकलेला प्रिंटर सुरू करता आला, तेव्हापासून केंद्रातलं सगळं तंत्रज्ञान माझ्या गळ्यात पडलं. विकेंद्रित समाजमाध्यमावर खातं उघडा, असा वरून आदेश आला, तोही माझ्याकडेच. तीन दिवस वाचून मी बैठकीत अर्धा तास बोललो. कुणाला काही कळलं नाही. मलाही फारसं कळलं नव्हतं.

शेवटी अण्णा म्हणाले, "म्हंजी गावोगावचा बाजार अलग, समद्यांचा मालक कुणी एक न्हाई, पण दिंद्रुडच्या मानसाला पालीच्या मानसाशी बोलता येतंय. आसंच ना, साहेब?"

असंच होतं. मी खातं त्यांच्यावर सोपवून मोकळा झालो.

अण्णांनी त्याचाही रेडिओ केला. 'नमस्कार. सकाळचे सात वाजून पाच मिनिटं झाली आहेत. पहिली प्रसारण सभा सुरू होत आहे.' लोक हे केव्हाही वाचतात, वेळ कशाला सांगायची, असं मी त्यांना समजावू लागलो. त्यावर त्यांनी मलाच समजावलं, की दुसऱ्या समाजमाध्यमांवर सकाळचा नमस्कार दुपारी दाखवतात, इथं लिहिलेलं लिहिल्या वेळी पोचतं. तीन दिवसांच्या वाचनात हे मला सापडलं नव्हतं.

तरी वर्षभरात अनुयायी झाले अकरा. नऊ आम्हीच कर्मचारी, एक जर्मनीतला रेडिओवेडा आणि एक बिनचेहऱ्याचा 'श्रोता, वडवणी'. खातं बंद करावं, असा अहवाल मी मोठ्या ऐटीत लिहिला. अण्णा एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की, साहेब." मी त्यांना आकडे दाखवले.

दुसऱ्या दिवशी सात पाच झाले तरी अण्णा नाहीत. रेडिओवरची सभा माझ्या घोगऱ्या आवाजात सुरू झाली. खात्याची आठवणसुद्धा झाली नाही. सात दहाला तिथं 'श्रोता, वडवणी'चा निरोप आला: 'आज आमचे हे पोचले न्हाईत का?'

मी तो दोनदा वाचला आणि अण्णांना फोन लावला. गाडी पंक्चर होती, ते सुखरूप होते. वहिनींना फोन करून कळवा म्हटलं.

"तिला ऐकू येत न्हाई, साहेब. दोन वर्सं झाली. आदी रेडिओवर आवाज आला की तिला कळायचं, मानूस पोचलं. आता फोनवर लिवतो म्हनलं, तर म्हनती, तसं नगं, रेडिओच्या खात्यावरचंच पायजे. मी चहाला उठलो की तीबी तिकडं चहा टाकती."

मला माझ्या अहवालाची लाज वाटली. मग मीच टाइप केलं: 'नमस्कार. सकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली आहेत. आमचे निवेदक रस्त्यात आहेत आणि सुखरूप आहेत. व्यत्ययाबद्दल क्षमस्व.'

लगेच उत्तर आलं: 'तुमी नवे दिसता. चहा घ्या.'

अहवालात मी एकच वाक्य ठेवलं: खातं चालू ठेवावं, श्रोते वाट पाहतात. मग चहाला उठलो, पण आधी जाहीर केलं.