रित्या कुपीची फत्ते

पडद्यावर मरून खुर्चीत शाबूत राहिलेल्या तमाम शूरांस व त्यांच्या झिजलेल्या अंगठ्यांस प्रथम मुजरा. मजकूर ऐसा की, घणासुर नामे दैत्याच्या पारिपत्यासाठी जी मोहीम जाहली, तीत कोण लढले, कोण अडले, औषधाने किती मेले आणि यश अखेर कोणत्या उपायाने आले, याचा तपशील दप्तरी राहिला नाही. राहिली ती एक ओळ, आणि ती वाचून कोणास काही कळेल ऐसी आशा नाही. सबब जे घडले ते मोजूनमापून लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही.

राज्याचा विस्तार ऐसा की, खाली औषधांचे दुकान, त्यावर एक लांब खोली, खोलीत पाच टेबले, सात संगणक आणि एक पंखा. राज्याच्या धनी आत्याबाई. त्यांनी तीस वर्षे खालचे दुकान जातीने चालविले, आणि मग भावाच्या मुलाने संगणकावरचा खेळ बनविण्याची मनीषा बोलून दाखविली, तेव्हा वरचे गोदाम रिकामे करून त्यास दिले आणि खोकी जिन्याखाली हलविली. तो भाचा म्हणजे खेळाचे मुख्य रचनाकार, सर्व हुकुमांचे उगमस्थान, पंख्याखालच्या खुर्चीचे मानकरी भाचेसाहेब. त्यांचे दिवाण कोड लिहिणारे काका, वय पंचेचाळीस, ज्यांनी कोणास कधी 'नाही' म्हटले नाही आणि 'हो' म्हटलेले कधी वेळेत केले नाही. आणि तिसऱ्या मोजणीबाई. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन त्या तीन महिन्यांमागे खेळाच्या चाचणीस रुजू जाहल्या, आणि पहिल्याच दिवशी कचेरीतल्या चारही कपांत चहा किती मिनिटांत निवतो ते मोजून कागद भिंतीस लाविला, म्हणोन हे नाव पडले. निळ्या कपात सर्वांत उशिरा निवतो ऐसे सिद्ध होताच निळ्या कपावर जी चढाई सुरू जाहली, ती अद्याप थांबलेली नाही.

खेळ ऐसा की, एक शिलेदार एकटाच जळक्या किल्ल्यात शिरतो आणि दालनोदालनी राक्षसांशी झुंजतो. त्याचे रक्त शंभर हिस्से. कमरेस अर्काची कुपी, कुपीत पाच घोट, आणि एका घोटास चाळीस हिस्से रक्त भरून येते. इथवर सर्व यथास्थित. परंतु भाचेसाहेबांचे मत पडले की, औषध सुखाने पिऊ दिले तर खेळाची इभ्रत जाते. मग हुकूम सुटला की, घोट घेतेवेळी शिलेदाराने झाकण काढावे, आभाळाकडे पाहावे, प्यावे, तोंड पुसावे, झाकण लावावे, आणि तोवर पाऊल हलवू नये. आणि मग दुसरा हुकूम सुटला की, शेवटल्या दालनातल्या घणासुराने शिलेदार पिऊ लागताच त्याजवर झडप घालावी. काकांनी दोन्ही हुकूम मस्तकी धरून कोडात उतरविले. कोणी हरकत घेतली की, हे फार होते, तर भाचेसाहेब फर्मावीत की, ज्यास आराम हवा त्याने गाजरे लावण्याचा खेळ खेळावा.

मग मोजणीबाई लढावयास उतरल्या आणि पडल्या, आणि पुन्हा उतरल्या आणि पुन्हा पडल्या, आणि बुधवारच्या दुपारपावेतो दोनशे अकरा वेळा देह ठेविला. ऐशात खबर आली की, देशोदेशी खेळ पोचविणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे पाहुणे शुक्रवारी दुपारी बारा वाजता घणासुराचे दालन स्वतः खेळून पाहणार.

तेव्हा दरबार भरला. भाचेसाहेबांनी तक्ता उघडून दाखविला की, घणासुरावर आजवर अडतीस विजय नोंदले आहेत आणि ते सर्वच्या सर्व पंख्याखालच्या संगणकावरचे आहेत. त्याअर्थी दैत्य अजिंक्य नव्हे. दोष चाचणी करणारीच्या बोटांत आहे. पुढील बोलणे जसे जाहले तसे लिहितो, कारण त्यास दरबारी वस्त्र चढविले असता त्याची चव जाते.

"अडतीस वेळा मारलाय मी त्याला. एक घोटही न पिता," भाचेसाहेब म्हणाले. "तुझे हात हळू आहेत गं. राग नको मानूस."

"राग नाही मानत, दादा," मोजणीबाई म्हणाल्या. "किती हळू आहेत ते मोजून सांगते."

मग फर्मान निघाले की, मोजणीबाईंनी शुक्रवारी बाराच्या आत घणासुर पाडावा. न पाडल्यास चाचणीचे काम काढून घेऊन खेळाच्या मेनूतली अक्षरे तपासण्याच्या टेबलावर त्यांची रवानगी व्हावी, आणि दैत्य आहे ऐसाच पाहुण्यांपुढे उभा राहावा. मेनूचे टेबल म्हणजे जिन्यालगतचे, ज्यावर बसलेला माणूस दोन महिन्यांहून अधिक टिकल्याचे कोणास स्मरत नाही. त्यांच्या नोकरीच्या परीक्षाकाळाची मुदतही याच महिन्याअखेर सरत होती. आणि मोजणीबाईंस हे काम मनापासून हवे होते. घरी आईने विचारावे की, "दिवसभर तिथे करतेस तरी काय?" आणि यांनी सांगावे की, "मरते," आणि हसावे. परंतु इतक्या आवडीचे मरण दुसऱ्या कोणत्याही कचेरीत मिळणार नाही, हे त्या पुरते जाणून होत्या.

गुरुवारी सकाळी मोजणीबाईंनी जिन्याखालची खोकल्याच्या औषधाची चार खोकी वर आणविली, ती एकावर एक रचिली, त्यावर फोन उभा केला आणि मंद गतीचे चित्रण सुरू केले. एका सेकंदात पडद्यावर साठ चित्रे सरकतात, त्याच मापाने सर्व मोजावयाचे ठरले. प्रथम स्वतःचा हात मोजिला. दिवा लागल्यापासून बटण दाबेपर्यंत चौदा चित्रे गेली; खोलीत ज्यांचे ज्यांचे हात मोजले त्यांत हा सर्वांत जलद. भाचेसाहेबांचाही हात मोजावा ऐसा अर्ज केला, तो नामंजूर जाहला.

मग घोट मोजिला. साठाव्या चित्रास रक्त चढते. अठ्ठ्याहत्तराव्या चित्रास घण डोक्यात बसतो आणि पंचावन्न हिस्से रक्त घेऊन जातो. पाय सुटतात ते शहाण्णवाव्या चित्रास. म्हणजे चाळीस आले, पंचावन्न गेले, आणि प्रत्येक घोटामागे शिलेदार पंधरा हिश्शांनी अधिक आजारी. दैत्य जवळ असो की दूर, तो नेमका अठ्ठ्याहत्तराव्याच चित्रास हजर. मोजणीबाईंनी वीस वेळा मोजिले, वीसही वेळा तेच आले, तेव्हा त्यांस शंका आली की, हा दैत्य पाहतो तरी काय?

मग एक अजब तजवीज केली. दालनाच्या उंबऱ्याबाहेर, जेथे कोणी मारीत नाही, तेथे उभे राहून पाचही घोट विनाकारण पिऊन टाकिले आणि रिती कुपी घेऊन आत गेल्या. मग पिण्याचे बटण दाबिले. कुपी रिती असल्याने शिलेदार ती उपडी करतो, नकारार्थी मान हलवितो आणि अठरा चित्रांत मोकळा होतो. आणि घणासुराने तरीही झडप घातली! मग खांबाआड लपून बटण दाबिले. तरीही घातली. मग मोजणीबाई उठून काकांच्या टेबलापाशी गेल्या.

"काका, हा राक्षस कुपी बघतो की बटण?"

"बटण."

"खांबाआडूनही?"

"बटणाला कुठला आलाय खांब?"

"आणि हे तुम्हाला बरोबर वाटतं?"

"मला सांगितलं होतं, पिऊ लागताच उडी मारायची. बटण दाबलं म्हणजे पिऊ लागला. तीन ओळींत काम झालं." आणि काकांनी निळा कप तोंडास लाविला, तो मध्यान्हीपर्यंत खाली ठेविला नाही.

शुक्रवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी रणवाद्ये वाजली, म्हणजे खेळाचे संगीत सुरू जाहले. आत्याबाई जातीने वर आल्या आणि चष्मा पुसून खुर्चीत बसल्या. मोजणीबाईंनी उंबऱ्याबाहेर एकामागून एक पाचही घोट संपविले.

"अगं, बाहेरच संपवलंस? आता आत काय पिणार?" भाचेसाहेबांस हसू आवरेना.

"काही नाही."

आणि शिलेदार आत गेला, आणि रिती कुपी उपडी केली, आणि घणासुर दालनाच्या पार टोकाहून उडाला, आणि शिलेदार दोन पावले बाजूस सरला, आणि घण फरशीत रुतून बसला, आणि तो उपसेपर्यंत चाळीस चित्रे गेली, आणि तेवढ्यात तीन वार काढिले, आणि मग पुन्हा कुपी, पुन्हा उडी, पुन्हा तीन वार. ऐसे सव्वीस वेळा जाहले. पाहणारांस तो रणसंग्राम न वाटता शाळेची कवायत वाटली. चार मिनिटे अकरा सेकंदांत दैत्य कोसळला. शिलेदाराचे रक्त शंभरपैकी शंभर.

"चीटिंग आहे हे!" भाचेसाहेब उभे राहिले. "असं कोण खेळतं?"

"जो औषध आधी संपवून येईल तो," मोजणीबाई म्हणाल्या.

"थांबा रे," आत्याबाई म्हणाल्या. "हिनं आत ते औषध घेतलं असतं तर?"

"दर घोटाला तब्येत पंधरानं खालावली असती, आत्या. चाळीस येतात, पंचावन्न जातात."

"आणि न घेता?"

"एकदम ठणठणीत. बघितलंत ना."

आत्याबाईंनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाल्या, "तीस वर्षं खाली औषधं विकली मी. गिऱ्हाइकानं बाटलीचं झाकण उघडलं की काउंटरवरून उडी मारून त्याच्या टाळक्यात हातोडा घातला असता, तर दुकान चाललं असतं का रे?"

"आत्या, तो आव्हानाचा भाग आहे! मी मारलाय ना अडतीस वेळा!"

"मग आत्ता मार. बघू दे आम्हालाही."

भाचेसाहेब पंख्याखाली विराजमान जाहले आणि छाती काढून दालनात शिरले आणि थेट दैत्याच्या अंगास भिडले. घण पडला. भाचेसाहेब लढत राहिले. घण पुन्हा पडला. ते लढतच राहिले. मोजणीबाई मागे उभ्या राहून बोटांवर घण मोजीत होत्या.

"दादा, पाच घण बसले तुम्हाला."

"मग? सराव आहे."

"रक्त शंभरच आहे पण."

काका उठले, भाचेसाहेबांच्या खांद्यावरून वाकून त्यांनी एक खिडकी उघडली आणि शांतपणे म्हणाले, "अरे, तुझा अमरपट्टा चालू आहे."

हकीकत ऐसी निघाली की, आठ महिन्यांमागे दालनाच्या छतावरली चित्रे निवांत पाहता यावीत म्हणून भाचेसाहेबांनी आपल्या संगणकावर न मरण्याची सोय चालू केली होती. मग चित्रे पाहून जाहली आणि सोय बंद करावयाची राहिली, आणि त्याच अमर अवस्थेत त्यांनी मर्त्यांसाठी सर्व नियम रचिले. अडतीस विजयांची नोंद उघडली, तीत अंगावर बसलेले घण चारशे बारा आणि सांडलेले रक्त शून्य.

मग अमरपट्टा उतरविला. भाचेसाहेब नऊ सेकंद टिकले. पुन्हा गेले, अकरा टिकले. तिसऱ्या खेपेस कुपी वर उचलली, दैत्य उडाला, आणि रचनाकारांच्या मुखातून उद्गार निघाला, "अरे, पिऊ तर दे मला!" खेळाची चित्रे काढणाऱ्या दोघा चिताऱ्यांनी तो तात्काळ कागदावर टिपून घेतला आणि चहाच्या कागदाशेजारी भिंतीस लाविला.

आत्याबाईंनी तेथेच निवाडा दिला आणि तहाची कलमे ठरली. घणासुराने बटण पाहू नये, वर उचललेली कुपी पाहावी, आणि ती खांबाआड असेल तर त्यास दिसू नये. घोट साठ चित्रांत आटपावा आणि पिताना शिलेदारास हळू चालता यावे. भाचेसाहेबांनी तोंड पुसण्यासाठी फार घासाघीस केली. अखेर तोंड पुसणे त्यांजकडे कायम ठेविले, मात्र ते चालता चालता पुसावे. काकांनी हे सर्व बारा मिनिटांत केले. त्यांनी वेळेत केलेले हे पहिलेच काम असल्याने त्याची येथे स्वतंत्र नोंद घेतली आहे.

पाहुणे वीस मिनिटे उशिरा आले, हा दैवी कौल समजावा. तेवढ्या अवधीत मोजणीबाई भरल्या कुपीनिशी नव्या नियमाने पाच वेळा लढल्या. चार वेळा पडल्या, आणि चारही वेळा चूक त्यांची स्वतःची होती. ऐसे मरण मिळावे याचसाठी ही मोहीम होती. पाचव्या खेपेस घणासुर पडला, तेव्हा कुपीत एक घोट शिल्लक होता आणि मोजणीबाई खुर्चीतून उठून ओरडल्या. सव्वाअकराच्या विजयात त्या जागच्या हलल्या नव्हत्या. मग पाहुणे आले, सहा वेळा मेले, आणि सातव्यांदा बसण्यासाठी आपसात भांडले.

मोजणीबाई चाचणीवर कायम जाहल्या. मेनूचे टेबल तूर्त रिकामे आहे. आत्याबाईंनी स्वहस्ते त्यांस निळा कप बहाल केला, आणि काकांनी तो हक्क मान्य केल्याचे अद्याप कळले नाही.

आणि महिन्याअखेर खेळातल्या बदलांची यादी जगापुढे आली. ती भाचेसाहेबांनी स्वतः लिहिली. तीत या मोहिमेविषयी जी एकच ओळ आहे ती ऐसी: "औषध पिण्याच्या वेगात किरकोळ सुधारणा केली."

ती किरकोळ सुधारणा छत्तीस चित्रांची, म्हणजे सेकंदाच्या तीन पंचमांश इतकी. तिजसाठी पडलेली मरणे दोनशे अकरा; दर चित्रामागे सहास किंचित कमी. अमरपट्टा बंद आहे की नाही, हे मोजणीबाई रोज सकाळी चहाआधी पाहतात. येणेप्रमाणे विजय मोजून, पडताळून दप्तरी दाखल केला असे.