पाळीला झोपलेला अमार

अमारला झोप लागली ती भर दुपारी, शेताला पाणी देण्याच्या पाळीवर, आणि तीही बायकोच्या हातची जवाची बिअर पोटभर ढोसल्यावर. खजुराच्या सावलीत तो आडवा झाला तेव्हा पाटाचं दार उघडंच होतं. जाग आली ती पाय भिजल्यावर. बांध फुटून फरात नदीचं गढूळ पाणी शेजारच्या लुबाऊच्या शेतात गुडघाभर साचलं होतं.

लुबाऊचं शेत म्हणजे नुसतं मिठागर. बी उगवण्याआधीच मान टाकायचं. पण आता बांधावर उभं राहून त्याने असा गळा काढला, की जणू सगळ्या लगाश शहराचं पोट त्याच तुकड्यावर भरत होतं.

"सोन्यासारखं शेत बुडवलंस की रे!"

"लुबाऊदादा, कालच तर शिव्या घालत होतास त्याला."

"माझं शेत, मी घालीन! तुला कोणी सांगितलं त्याला आंघोळ घालायला?"

भांडण पाटाचं पाणी वाटून देणाऱ्या म्हाताऱ्या पाटकऱ्याकडे गेलं. बुडवलं त्याने भरून द्यायचं, हा तिथला कायदा. लुबाऊने पाण्याच्या देवाच्या, एन्कीच्या, देवळासमोर शपथ घेतली, की आपलं शेत कायमचं मेलं, आणि मागणी केली, की अमारचं शेत आपल्याला मिळावं आणि हे बुडालेलं त्याच्या गळ्यात घालावं. तसंच झालं. बापाने कसलेली काळीभोर जमीन हातची गेली, तेव्हा अमारला चारचौघांत रडू फुटलं.

घरी बायको गेमे वाटच पाहत होती. "झोप काढलीत, शेत घालवलंत. आता बसा त्या मिठात मासे खारवत!"

इकडे साचलेल्या पाण्याने पलीकडचा बांधही फोडला आणि ते वेताच्या दलदलीत निघून गेलं. जाताना मीठ घेऊन गेलं, मागे वीतभर गाळ ठेवून गेलं. दुसरं काहीच हातात नव्हतं म्हणून अमारने त्यात जव टाकला. तो छातीला लागला. गाव म्हणू लागलं, अमारला झोपवलं ते एन्कीनेच.

लुबाऊ तणतणत पाटकऱ्याकडे गेला. "माझं शेत मला परत द्या!"

"मेलंय ना ते? शपथ तूच घेतलीस. देवाला काय सांगू, चेष्टा केली म्हणून?"

पुढच्या पेरणीआधी अमारची पाळी आली. स्वतः बांध फोडला तर शिक्षा, पण अमारने झोपेत फोडला तर आपल्या शेतावर देवाची कृपा, एवढा हिशेब लुबाऊला कळत होता. बिअरचा घडा आणि चटई घेऊन तो सकाळीच हजर झाला.

"घे रे, काय उकडतंय! घोटभर घे, पड जरा."

"नको दादा. गेमेच्या गळ्याला हात लावून सांगितलंय, पाळीला डोळा लावणार नाही."

आणि अमार खरोखरच दिवसभर चिखलात उभा राहिला. लुबाऊच्या शेतात थेंबभर पाणी गेलं नाही. संध्याकाळी भरलेला घडा काखेत मारून लुबाऊ पुन्हा पाटकऱ्याच्या दारात.

"त्या अमारला शिक्षा करा!"

"आता काय केलं त्याने?"

"दिवसभर झोपला नाही!"

म्हाताऱ्याने बराच वेळ दाढी खाजवली. "उद्या पाळी कोणाची?"

"माझी."

"मग तूच पी की, आणि तूच झोप. एन्कीला काय, माणूस कुठलाही चालतो."

लुबाऊला हे एकदम पटलं. दुसऱ्या दिवशी तो मन लावून प्यायला आणि मन लावून झोपला. पाळीवाला झोपला की पाणी शेजाऱ्याच्या शेतात जातं, हे त्याला आठवलं तेव्हा बांधापलीकडे पाण्याने भरलेल्या आपल्या शेतात अमार आणि गेमे त्याचे आभार मानत हात जोडून उभे होते.