हृदयद्वारीं चुना धरला, त्याची हकीकत

श्री. ज्याचे मर्जीनें श्वास आंत जातो आणि ज्याचे कृपेनें बाहेर येतो, त्यास साष्टांग नमस्कार. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, ज्येष्ठमासीं राज्यांत ऐसें वर्तमान उठलें कीं, पंचाहत्तरी उलटलेले वृद्ध थव्याथव्यानें रुग्णालयीं दाखल होताती, आणि रोग सर्वांचा एकच, कीं हृदयांतून रक्त बाहेर सोडणारी जी मुख्य झडप, तीस चुना धरोन ती अर्धीच उघडते. दिवाणसाहेब घाबरे जाहले, साथ आली म्हणाले, आणि पानवाल्यांच्या चुन्याच्या डब्या जप्त करविल्या. मग हृदयवैद्य सगुणाबाई दरबारीं येऊन बोलिल्या, "साहेब, पानवाल्यांस सोडा. रोग जुनाच आहे. पूर्वी छाती उघडोन झडप बदलावी लागे, म्हणोन म्हातारे घरींच दडत, आणि वय जाहलें म्हणत म्हणत जात. आतां मांडीच्या धमनींतून नवी झडप सरकवितों, चार दिवसांत माणूस घरीं. रोग वाढला नाहीं, लपणें घटलें." दिवाणसाहेबीं पुसिलें, "अजून कोणी दडले असतील काय?" बाई हंसोन म्हणाल्या, "जिने तपासावे."

ऐशास एका चौमजली हवेलींत वरचे मजलीं चिमणाजीपंत, वय ब्याऐंशी, राहात असत. पंतांची ख्याती मोठी मायाळू. जिना चढतां मजलोमजलीं थांबावें, कठड्यास हात ठेवावा, लोणचें मुरलें काय, जांवई आले काय, ऐसें पुसावें, आणि उत्तर लांबलें तर अधिकच संतोष पावावा. शेजारी म्हणत, ऐसा माणूस होणें नाहीं. कुटुंब गोदूबाई मात्र मागून चढतां सर्व पाहात असत. एके दिवशीं पंतांनीं कुलूप लागलेल्या दारासही कुशल पुसिलें, तेव्हां बाई म्हणाल्या, "अहो, कुलुपाशीं काय बोलतां? दम लागला म्हणा कीं!" पंत कोपले, "मी माणसांचा लोभी!" ऐसें बोलतां डोळ्यांपुढें अंधारी येऊन पायरीवरच बसले. मग सगुणाबाईंनीं छातीस नळी लावोन ऐकिलें आणि म्हणाल्या, "पंत, दार फटीएवढें उरलें. आतां नव्या झडपेस नाहीं म्हणाल तर दिवाळीचा तुमचा फराळ आम्हीच खाऊं." पंत कण्हले, "लोक काय म्हणतील?" गोदूबाई म्हणाल्या, "घरीं बसलांत तर चांगलेंच म्हणतील. गेलेल्यास सगळे चांगलेंच म्हणतात."

मग पंत दाखल जाहले, आणि नवी झडप बसली, आणि पंधरवडा जातां पंत जिना न थांबतां चढले, आणि कोणाकडे पाहिलें नाहीं, म्हणोन पंतांस गर्व जाहला ऐसी वदंता उठली. वर पोहोंचोन मागें पाहतात, तों बाई नाहींत. खालीं डोकावले, तों दुसरे मजलीं गोदूबाई कठडा घट्ट धरोन शेजारणीस पुसताती, "काय गं, मेतकूट कसें करतेस?" तें मेतकूट शेजारणीस बाईंनींच शिकविलें होतें. पंत तसेच खालीं उतरले, बाईंचा हात धरिला, आणि तेथूनच सगुणाबाईंस निरोप धाडिला.

सारांश, दाखल वृद्धांची गणती वाढली म्हणोन राज्यानें घाबरूं नये. गणतींत आले ते बहुतेक वांचले. जिन्यांत गप्पा मारीत उभे राहिले, त्यांचीच काळजी वाहावी. इति.