वर कोन हाय?

हणमंततात्या भुताचा सिनेमा डोळे मिटून बघतात.

घाबरून नव्हे. घाबरणारा माणूस बोटांच्या फटीतून बघतो, उशी तोंडाशी धरतो, ऐन वेळी पाणी प्यायला उठतो. तात्या खुर्चीत ताठ बसतात, हात मांडीवर ठेवतात आणि डोळे मिटतात ते ‘समाप्त’ येईपर्यंत. पडद्यावर कोण पळतंय, कोण गडगडतंय, याचं त्यांना काही सोयरसुतक नाही. मग रेडिओच का ऐकत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. तर म्हणाले, "रेडिओत ती कुठं हाय?"

ती म्हणजे ‘कोरडी बारव’मधली ती.

हा जुना सिनेमा आमच्याच भागातला. आटपाडीकडच्या माळावर पायऱ्यांची एक पडकी बारव आहे. भर दुपारी तिच्या काठानं जाणाऱ्याला तळातून एका बाईचा आवाज येतो, "वर कोन हाय?" जो ओ देतो तो पायऱ्या उतरतो आणि परत वर येत नाही. गोष्ट एवढीच. सबंध सिनेमात भूत एकदाही दिसत नाही. पांढरं लुगडं नाही, मोकळे केस नाहीत, उलटे पाय नाहीत. नुसता आवाज, आणि तोही धमकीचा नाही. घरच्या बाईनं हातातलं काम न सोडता सहज विचारावं तसा. शाळेत असताना साताऱ्यात मी तो पाहिला आणि पुढे बरेच दिवस कुणी जिन्याखालून हाक मारली तर ओ देत नव्हते.

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही इस्लामपूरला आलो आणि माडीवरची जागा घेतली. पहिल्याच रविवारी दुपारी मी कुकर घासत होते, आणि पायांखालच्या फरशीतून बाईचा आवाज आला, "वर कोन हाय?"

कुकर हातातून सुटला. तोंडातून ‘मी’ निघणार होतं, ते मी दातांत धरलं. थोड्या वेळानं दाराची कडी वाजली. बाहेर एक उंच, वाळका म्हातारा उभा. आपल्या खालच्या घरातला टीव्हीचा आवाज फार वर येतो का, म्हणून विचारायला आला होता. मी म्हटलं, "कोरडी बारव?" त्याचा चेहरा असा उजळला, जणू मी त्याच्या माहेरची निघाले. हेच हणमंततात्या.

तात्या मूळचे आटपाडीकडचे. तरुणपण मेंढरांमागं गेलं, मग इकडं साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. एकटे राहतात. दर रविवारी भाकऱ्या थापून, आमटी शिजत ठेवून खुर्चीत बसतात, आणि समोर सिनेमा. घरात त्या वेळी पाहुणा असला तर त्याच्यासाठी एकच नियम. तळातला आवाज यायच्या आधी तात्या तळहात वर करतात आणि म्हणतात, "गप. ती बोलतीया." कुकरची शिट्टी मधे येऊ नये म्हणून गॅससुद्धा बंद करतात. एकदा टीव्हीवर हाच सिनेमा लागला आणि नेमकी त्या आवाजावर अंडरवेअरची जाहिरात आली, तर केबलवाल्याच्या दुकानात जाऊन बसले. भांडले नाहीत. नुसते बसले. केबलवाला म्हणतो, शिव्या परवडल्या असत्या.

या सिनेमाचे भक्त सातारा-सांगलीत पुष्कळ आहेत. त्यांचा एक व्हॉट्सॲप गट आहे, ‘बारवकर मंडळ’. गटाचे प्रमुख साताऱ्याचे दाताचे डॉक्टर. हे दाढ काढण्याआधी पेशंटचा जबडा उघडून आत "वर कोन हाय" म्हणतात अशी त्यांची ख्याती. मीही त्या गटात शिरले. तात्यांना तिथं देवाखालोखाल मान, कारण सिनेमात धुरळा उडवत जाणारी मेंढरं तात्यांची होती आणि ते चित्रीकरणाला हजर होते. पण त्या दिवसांबद्दल कुणी विचारलं, की मेंढरांना कुठं पाजलं, कुत्रं कसं बुजलं, एवढंच सांगायचे.

एकदा मंडळाची सहल खऱ्या बारवेवर गेली. ऊन असं की दगडावर हात टेकवेना. सगळ्यांनी काठावर वाकून खाली ओरडायला सुरुवात केली. डॉक्टरांनी बाईच्या आवाजात ओरडून दाखवलं. बारवेतून तेच शब्द परत यायचे, पण थोडे उशिरा आणि थोडे जाड होऊन. तात्या लांब बाभळीखाली उभे होते. ते आले आणि हळूच म्हणाले, "वरडू नगा. दुपारची निजली असंल."

सगळे हसले. मग एकेकाचं हसू थांबलं. तात्या हसत नव्हते. निघताना मी मागं वळून पाहिलं, तर आपल्या बाटलीतलं पाणी ते काठावरून हळूहळू आत ओतत होते. खाली पडल्याचा आवाज मात्र आला नाही. कोरडी जमीन पाणी वरच्यावर पिऊन टाकते, हे मला ठाऊक आहे. तरी अंगावर काटा आला.

आणि मग ती बातमी आली. ‘कोरडी बारव’च्या आधीची गोष्ट सांगणारा नवा सिनेमा येतोय: ‘कोरडी बारव : आरंभ’. बारवेतली बाई कोण होती, कुणाची होती, आत कशी गेली, सगळं उलगडणार. पोस्टरवर मुंबईची एक गोरीपान नटी, डोक्यावर घागर, भुवया कोरलेल्या.

मंडळात आग लागली. डॉक्टरांनी लिहिलं, तळाला काय आहे ते दिसत नाही म्हणूनच माणूस विहिरीला भितो, यांनी तर आत बॅटरी मारली. कडेगावचा धनाजी, हा ऊसवाला, त्यानं लिहिलं की आमच्या भुताला आता ब्युटी पार्लर. कुणी बहिष्कार म्हणालं, कुणी निर्मात्याला निवेदन द्या म्हणालं. सगळ्यांचं लक्ष तात्यांकडे. दोन दिवसांनी त्यांची एकच ओळ आली. "आवाज कुनाचा घेतलाय?"

उत्तर निर्मात्याच्या मुलाखतीत मिळालं. त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, की जुन्या सिनेमातला आवाज कुणा अनामिक गावकरी बाईचा होता. तोच स्वच्छ करून संगणकाला शिकवला, आणि आता त्याच आवाजात नवे संवाद बोलवून घेतलेत. मी ते गटात टाकलं. भक्त आणखी भडकले. भुतालाही यंत्र लावलं, असं डॉक्टरांनी लिहिलं. तात्यांनी मात्र मला खाली बोलावून तो मजकूर पुन्हा वाचून दाखवायला सांगितला. वाचून झाल्यावर विचारलं, "नवं बोलतीया? पयलं जे बोलली न्हाई, ते?"

मी हो म्हटलं. ते उठले आणि चालू नसलेला पंखा बंद करायला गेले.

पहिल्या खेळाला मंडळ सांगलीत जमलं, ते सिनेमा पाडायच्या तयारीनंच. आणि सिनेमा होताच तसा. ड्रोन बारवेत शिरत होता, बारवेच्या काठावर गाणं होतं, सासू दात खात होती. आमच्या रांगेतून शेरे सुटत होते. मीही हसत होते. मग नटीनं तोंड उघडलं, आणि त्या कोरलेल्या भुवयांखालून तो ओळखीचा आवाज आला. जुन्या सिनेमात तिच्या वाट्याला जेमतेम दोन-चार वाक्यं होती. इथं ती बडबडत होती. शेळीला हाकत होती, मिठाचं विचारत होती, नवऱ्यावर रुसत होती. मी सहज तात्यांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी त्यांना गाठलं आणि आता तुम्हीच सांगा म्हणाले. तात्यांनी चपलेकडे बघत सांगितलं, "चांगला हाय."

एवढ्यावर आमच्या मंडळात फूट पडली. धनाजी म्हणाला, म्हातारा फितूर झाला. मेंढरांचं मानधन मिळालं असणार, असंही कुणी लिहिलं. डॉक्टर सभ्य गृहस्थ. त्यांनी एवढंच लिहिलं की वय झालं की कान जातात. तात्या गटातून निघून गेले. त्यानंतर रोज जेवण झालं की ते एस्टीनं सांगलीला जायचे आणि दिवेलागणीला परतायचे. गल्लीत कुजबुज सुरू झाली. एक बाई मला म्हणाली, बारवेतलीनं धरलंय त्यांना, तोंड उतरलंय बघा. मी हसण्यावारी नेलं, पण माडीवरून त्यांना जाताना पाहिलं की मला बारवेचा काठ आठवायचा. तोच सिनेमा, तोच आवाज, आणि भर दुपारी त्याच्या मागं निघालेला माणूस.

शेवटी एके दिवशी मी खाली जिन्यापाशी त्यांची वाट अडवली आणि काय चाललंय ते विचारलं. तात्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "ताई, ती हौसा हाय. आमची मंडळी."

चित्रीकरणाच्या वेळी त्यांचं नवं लग्न झालेलं. भुताच्या आवाजासाठी आणलेल्या नटीला तो आवाज जमेना. हौसाबाई भाकरी घेऊन आली होती, दुपारचा गारवा म्हणून बारवेत उतरून बसली होती. वर तात्यांच्या पायानं खडा घरंगळला. तिनं खालून विचारलं, वर कोन हाय? आवाज टिपणाऱ्या माणसाचं यंत्र चालू होतं. त्यानं हातानंच सगळ्यांना गप केलं आणि मग तिला बसवून आणखी दोन-चार वाक्यं घेतली.

"मी वरनं बोललो हुतो, मी हाय म्हणून," तात्या म्हणाले. "ते कापलं त्येंनी. तिचं ठिवलं."

पुढच्या पावसाळ्यात हौसाबाई तापानं गेली. मूलबाळ नव्हतं. फोटो एक आहे, पण फोटो बोलत नाही. सिनेमात ती दिसत नाही, म्हणून ते डोळे मिटतात. उघडले की भुताची बारव दिसते, हौसाबाईची नाही.

मी संतापले. न विचारता मेलेल्या बाईचा आवाज घ्यायचा, तिच्या तोंडी वाटेल ते घालायचं, म्हणजे काय? वकील बघू, सिनेमा थांबवू, असं बरंच काही बोलले. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"थांबवला तर ती बी थांबंल की," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "सगळं न्हाई पटत मला. ती मला कवाच धनी म्हणाली न्हाई. पर भाकरीचं इचारती, ते अगदी तिचंच. फकस्त एक हाय, ताई. श्वास न्हाई तिला. हौसाला बोलता बोलता दम लागायचा, मधी थांबायची. ही थांबतच न्हाई."

बहिष्कार यशस्वी झाला. सिनेमा पडला, आणि शुक्रवारी उतरणार असल्याचं कळलं. गुरुवारी दुपारी मी तात्यांबरोबर सांगलीला गेले. थिएटरात आम्ही दोघं, मागं कोपऱ्यात कॉलेजातली एक जोडी, आणि पुढं गारव्याला येऊन झोपलेला एक माणूस. या खेपेला हसू आलं नाही. अंधारात ती वरून, मागून, चारी बाजूंनी बोलत होती, आणि जे बोलत होती ते कुठल्याच जिवंत बाईनं कधी म्हटलेलं नव्हतं. एवढी भीती मला जुन्या सिनेमानंही घातली नव्हती. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

मग नवरा मेंढरं घेऊन निघतो तो प्रसंग आला. ती दारातून म्हणते, "आवं, भाकरी खाऊन घ्या. मग जावा."

दोन वाक्यं, एकाला एक चिकटलेली. मधे काही नाही. आणि त्यांच्या नेमक्या मधे, माझ्या शेजारी, तात्यांनी तिच्यासाठी श्वास घेतला.